हीटर कॉईल बदलून ९ महिने झाले: गाडी तापायची आणि आत कार्पेट ओलं व्हायचं, त्याचा पूर्ण अनुभव

गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हा प्रॉब्लेम कुठल्याही जुन्या गाडीत येऊ शकतो. पुण्यात राहतो, गाव वाईजवळ, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी खंबाटकी घाट चढणं आलंच. मागच्या ऑगस्टमध्ये हीटर कॉईल (गाडीत गरम हवा देणारा भाग) बदलली, त्यानंतर साधारण ७,४०० किमी झाले, आता मे चाललाय म्हणजे पावसाळ्याचा शेवट, थंडी आणि कडक ऊन असं सगळं बघून झालं. म्हटलं आता लिहावं.

सुरुवात झाली जूनमध्ये. खंबाटकी चढताना एसी चालू होता आणि टेम्परेचरचा काटा निम्म्यावरून वर सरकायला लागला. एसी बंद केला, बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो, बॉनेट उघडलं तर टाकीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिनिममच्याही खाली. खाली वाकून बघितलं, रस्त्यावर एक थेंब नाही. पाणी टाकलं, घरी पोचलो. पुढच्या खेपेला परत तेच, पाव लिटरच्या आसपास कमी. आता गाडीखाली गळत नाही, सायलेन्सरचा धूर पांढरा नाही म्हणजे इंजिनात जळतही नाही, मग जातंय कुठे?

त्याच दिवसांत डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं राहायला लागलं. पावसाचे दिवस, बायको म्हणाली अहो छत्रीचं पाणी असेल, मलाही तेच वाटलं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं एसीचा ड्रेन पाइप चोक झालाय, हवा मारून साफ करून दिला. ते तसं होतंही खूप गाड्यांत, म्हणून त्याला दोष नाही देत. पण माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टी, गाडी तापणं आणि कार्पेट ओलं होणं, दोन महिने दोन वेगळ्या खात्यांत पडून होत्या. तीच खरी चूक.

मधल्या काळात काय काय झालं ते थोडक्यात. पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकला, म्हणे आपल्याकडे त्याची गरज नाही. कृपया हे कोणी करू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन धड गरमच होत नाही, माझं ॲव्हरेज लगेच पडलं आणि घाटात तापायची ती तापलीच. दुसरीकडे रेडिएटर साफ केला, झाकण बदललं. तिसऱ्या ठिकाणी सरळ हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय म्हणाले, खर्च २८ हजार. मी म्हटलं आधी टेस्ट करा. एक निळं लिक्विड असतं, ते टाकीच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून खेचतात, इंजिनातला जळका गॅस कूलंटमध्ये येत असेल तर त्याचा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो. माझं निळंच राहिलं. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट मिसळल्याची खूण, पण नव्हता. तरी ते हेड उघडू म्हणत होते, मी गाडी घेऊन निघून आलो.

खरं कारण सापडलं ते आईमुळे. वाईला तिला देवळात नेत होतो, ती पुढे बसली, काचा बंद, ब्लोअर चालू, आणि दोन मिनिटांत म्हणाली, "गाडीत काकवी सांडली का रे?" मला तो वास सवयीने येईनासा झाला होता. गोडसर, थोडा उग्र. गाडी थांबवली, मॅट काढलं आणि पांढरा टिश्यू कार्पेटवर दाबून धरला. हिरवट डाग. बोटांना चिकट, धुतल्याशिवाय जाईना. एसीचं पाणी असं नसतं, ते साधं पाणीच असतं, रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. मग समोरच्या काचेवर आतून जो तेलकट थर बसायचा, कितीही पुसला तरी परत यायचा, त्याचाही उलगडा झाला, कूलंटची वाफ ब्लोअरमधून काचेवर येत होती.

हीटर कॉईल म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनातून दोन होज पाइप पत्र्यातून आत येतात. आपण हीटर वर्षातून चार दिवस लावतो म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही, पण माझ्यासारख्या बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी कूलंट त्यातून फिरतच असतं, नॉब फक्त हवेची झडप हलवतो. म्हणजे भर उन्हाळ्यातही तिथून गळू शकतं. गळलं की लेव्हल कमी, लेव्हल कमी की सिस्टिममध्ये हवा, आणि मग घाटात लोड आला की गाडी तापणार.

वाईच्या एका जुन्या मिस्त्रींकडे हातपंपाचा प्रेशर टेस्टर होता. गाडी पूर्ण थंड असताना झाकणाच्या जागी तो लावला, झाकणावर १.१ लिहिलेलं होतं तेवढाच बार प्रेशर दिला. दहा मिनिटांत काटा ०.८ वर, बाहेर कुठेही ओल नाही. मग त्यांनी हीटरचे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडले, कॉईल बाजूला, आणि परत पंप मारला. वीस मिनिटं काटा हलला नाही. बस, निदान झालं. ह्या टेस्टला पाऊण तास लागला आणि त्याआधी मी जवळपास ११ हजार घालवले होते.

कॉईल मिळेपर्यंत दोन आठवडे तसाच बायपास करून गाडी चालवली, एकदाही तापली नाही. तसंच ठेवता आलं असतं, पण पावसात घाटात काचेवर धुकं धरतं तेव्हा एसीसोबत थोडी गरम हवा लागतेच, म्हणून नवीन टाकली. कॉईल २,३०० ची, बाहेरच्या मेकची, ॲल्युमिनियमची. मजुरी ६,५००, कारण पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दीड दिवसाचं काम. थर्मोस्टॅटही नवीन बसवून घेतला. जुनी कॉईल हातात घेतली तर कोपऱ्यात पांढरे क्षार आणि सुईच्या टोकाएवढी दोन भोकं. आधीच्या वर्षांत टाकीत बोअरचं पाणी टाकत होतो, तो दोष माझाच.

आता ९ महिन्यांचा हिशोब. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणारं यंत्र) घेतला ८०० रुपयांचा, मोबाईलवर कूलंटच्या तापमानाचा आकडा अंश सेल्सिअसमध्ये दिसतो. हायवेला ८८ ते ९१, खंबाटकीत एसी लावून चार माणसं असताना जास्तीत जास्त ९७, फॅन लागला की खाली येतो. एप्रिलच्या दुपारी पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो, तिथे ९९ दिसला, त्याच्या वर कधीच नाही. टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवलीय, गाडी थंड असताना दर रविवारी बघतो, लेव्हल त्याच रेघेवर आहे.

त्रास झाला नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात डॅशबोर्डमागे गुडगुड आवाज आणि हीटर थंड, म्हणजे एअर राहिली होती. गाडी चढावर नाक वर करून उभी केली, हीटर फुल गरमवर, फॅन दोनदा लागेपर्यंत चालू ठेवली, आवाज गेला. महिन्याभराने एका क्लॅम्पपाशी हिरवी पापडी दिसली, अर्धा फेरा आवळला, परत आली नाही. डॅशबोर्डची एक क्लिप तुटली, खराब रस्त्यावर करकर येते, अजून आहे. आणि वास! कार्पेटखालच्या फोममध्ये कूलंट मुरलं होतं, वरून पुसून काही होत नाही. शेवटी सीट काढली, फोम साध्या पाण्याने चार वेळा धुतला, गच्चीवर तीन दिवस वाळवला, पत्र्याला गंज धरायला लागला होता तो घासून प्रायमर मारला. त्यानंतर कुठे वास गेला.

तो फोम धुतलेलं पाणी अंगणात सोडू नका. साध्या कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं, चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकतं. आमच्या सोसायटीत चार कुत्री आहेत, मी सगळं कॅनमध्ये भरून गॅरेजवर नेऊन दिलं.

कूलंट आता फक्त डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, बोअरचं पाणी बंद. पुढच्या महिन्यात पाऊस सुरू झाला की कार्पेटखाली परत एकदा टिश्यू दाबून बघणार आहे, काही आढळलं तर इथेच लिहीन.