आमच्या वर्गाचं पुस्तक आणि ते छापून देणारी ऑनलाइन सेवा

शाळा संपताना वर्गाचं एक पुस्तक काढायचं ठरलं आणि जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडली. आम्ही ४१ जण, सगळ्या वर्षांचे मिळून नऊशेच्या वर फोटो, आणि हातात दीड महिना. एका ऑनलाइन फोटोबुक सेवेकडून आम्ही ते छापून घेतलं. काम आधी बिघडलं, मग निस्तरलं, त्यामुळे सेवेचं नाव घेत नाही. ज्यांचा वर्ग यंदा शाळा सोडतोय त्यांनी मात्र हे वाचावं, कारण आमच्या चुका टाळता येण्यासारख्या होत्या.

नमुना प्रत आली ती आम्ही वर्गातच उघडली. मधल्या दोन पानांवर पसरलेला वर्गाचा मोठा फोटो हीच आमच्या पुस्तकाची शान ठरणार होती. पान उलटलं आणि दोघीतिघी एकदमच म्हणाल्या, "अगं, ही कुठंय?" दुसऱ्या रांगेत बरोबर मध्ये उभी असलेली मुलगी दोन पानांमधल्या घडीत गेली होती. एक वेणी आणि अर्धा खांदा तेवढा दिसत होता. कुणी आजारी पडलं की वह्या घरी नेऊन देणारी ही मुलगी. ती काही बोलली नाही. पुस्तक मिटून तिने पुढच्या बाकावर दिलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

चूक बांधणीची होती, आणि बांधणी मी निवडली होती. गोंदाच्या बांधणीत सुट्या पानांच्या कडा कण्याला चिकटवलेल्या असतात. असं पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही, आतल्या कडेचा भाग झाकलेलाच राहतो. जोर लावून उघडलं तर कण्याला चीर पडते आणि पानं सुटायला लागतात. शिलाईच्या बांधणीत कागद दुमडून, त्यांचे गठ्ठे करून दोऱ्याने शिवतात. ते बरंच जास्त उघडतं आणि टिकतंही. आम्ही शिलाई घेतली. शिवाय वर्गाचा फोटो दोन पानांवरून काढून एकाच पानावर आडवा टाकला. आता तो बघायला पुस्तक फिरवावं लागतं, पण त्यात ४१ च्या ४१ चेहरे आहेत.

सेवेबद्दल माझी खरी तक्रार इथेच आहे. त्यांच्या साइटवर पुस्तकाचं जे पूर्वदृश्य दिसतं, त्यात दोन्ही पानं एखाद्या पाटीसारखी सपाट दिसतात. घडीचा पत्ताच नसतो. मी तसं कळवलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, पण नीट आलं. आतल्या कडेला किती जागा मोकळी सोडायची ते त्यांनी आकृती काढून समजावलं आणि बदललेली नमुना प्रत पुन्हा पाठवली. माणसं चांगली आहेत. पण हे पहिल्याच पानावर लिहायला काय हरकत होती?

फोटोंचं सांगायलाच हवं. छपाईत एका इंचाला ३०० ठिपके असा साधारण हिशोब धरतात. मोबाइलवरून एकमेकांना पाठवलेले फोटो वाटेत आपोआप लहान होतात. आमच्याकडे आलेले बरेचसे १६०० पिक्सेल रुंदीचे होते, म्हणजे छापायला जेमतेम सव्वापाच इंच. पान भरून टाकले की धूसर. साइट अशा फोटोवर पिवळी खूण दाखवते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. मी एकदाच केलं, आणि पहिल्या वर्षीच्या सहलीचा फोटो धुक्यात काढल्यासारखा आला. मग शोधाशोध. एका मित्राच्या आईने जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड जपून ठेवलेलं निघालं. मूळ फोटोत मागे उभे राहून दात काढणारे चौघं स्पष्ट दिसले, जे लहान फोटोत आम्हाला कधी दिसलेच नव्हते! फोटो मागवताना सगळ्यांना सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग तो मूळ आकारात येतो.

रंग थोडे बदलतात. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, त्यामुळे क्रीडादिनाच्या टी-शर्टचा झगझगीत निळा जरा जांभळट आला. चालतं.

मराठी मजकुराचं मात्र चालत नाही. त्यांच्या साइटवर थेट टाइप केलं तर 'दुसऱ्या', 'हसणाऱ्या', 'पळणाऱ्या' या सगळ्या शब्दांतला 'र' बिघडत होता आणि 'दुसर्‌या' असं काहीतरी छापून येत होतं. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, आणि असा शब्द नाही अशी ओळ सापडेना. शेवटी मजकुराची पानं बाहेर तयार केली, फॉन्टसकट पीडीएफ करून चढवली, तेव्हा अक्षरं जागेवर आली. मुद्रितशोधन चौघांनी केलं. नावांत तरीही एक चूक राहिली होती. ती ज्याचं नाव होतं त्यानेच पकडली, म्हणून छापण्याआधी प्रत्येकाला त्याचं पान दाखवाच.

कागद चकचकीत घ्यावा असं बहुतेकांचं मत होतं. मी हट्टाने मॅट घेतला आणि शेवटची पानं साध्या, लेप नसलेल्या कागदाची मागितली. चकचकीत पानावर जेल पेनाची शाई लवकर वाळत नाही. हात लागला की फरकटते आणि समोरच्या पानावर उमटते. आम्हाला तर सह्या घ्यायच्या होत्या.

त्या पानांची गोष्ट अशी, की ती मुळात ठरलेलीच नव्हती. आमचा मजकूर ६२ पानांचा झाला. एक कागद मध्ये दुमडला की चार पानं होतात, म्हणून शिवलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. ६४ करावी लागली. दोन पानं कोरी उरली. काहीजण म्हणाले, तिथे अजून फोटो टाकू. मी म्हटलं, राहू देत. पुस्तकं हातात आल्यावर छापलेली पानं अर्ध्या तासात चाळून झाली, आणि ती दोन पानं भरायला तीन दिवस लागले. प्रत्येक प्रत ४१ जणांच्या हातातून फिरत होती. वर्षानुवर्षं ज्याच्याशी मी धड बोलले नव्हते, त्याने माझ्या प्रतीत लिहिलंय की माझ्या प्रयोगवहीतल्या आकृत्या बघून तो पास झाला. मला हे माहीतच नव्हतं.

सेवेला पाचपैकी चार. एक गुण त्या घडीचा कापला. दोन कोऱ्या पानांऐवजी सहा ठेवा, आम्हाला जागा पुरली नाही.

आमच्या बाईंची प्रत मी स्वतः नेऊन दिली. माझी प्रत मात्र त्यांनी सहीसाठी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. शेवटच्या पानाच्या कडेला, उरलेल्या पट्टीत, बारीक अक्षरात १ पासून ४२ पर्यंत हजेरीपटाप्रमाणे सगळ्यांची नावं होती. २३ वा मधल्याच वर्षी शाळा सोडून गेला, तेव्हापासून तो आकडा पटावर रिकामाच होता. तिथे त्यांनी त्याचं नाव लिहिलंय. आता त्याच्यासाठी एक प्रत जास्तीची मागवली आहे.