घरगुती कोल्ड लेझर, वर्षभराचा वापर: गुडघ्याला पास, कोपराला नापास आणि ती चार्जिंगची पिन

दुखऱ्या सांध्यावर लावायचं हे कोल्ड लेझर मशीन चांगलं आहे, पण त्याची चार्जिंगची पिन कोकणासाठी बनवलेली नाही. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा. सव्वीस हजार मोजून घेतलेलं यंत्र वर्ष भरायच्या आत बंद पडलं. लेझर शाबूत, बॅटरी शाबूत, फक्त मागच्या दोन पिवळ्या टिकल्यांवर हिरवा गंज चढला होता. तेवढ्यावरून कंपनीने जो छळ मांडला त्यामुळे हे लिहायला बसलो.

मशीन हातात धरायचं, ८०८ चे तीन आणि ६५० चे बारा डायोडवालं. डायोड म्हणजे लेझरचा प्रकाश देणारा बारीक दिवा, आणि ८०८, ६५० म्हणजे त्या प्रकाशाची लहर किती लांब, ते नॅनोमीटरमध्ये. जे शोधताहेत त्यांना हे आकडे पाठ असतील. याच साच्यातली मशिनं वेगवेगळ्या लेबलांखाली विकली जातात, त्यामुळे ब्रँडपेक्षा डायोड किती आणि प्रत्येकाची पॉवर किती, ते बघा. जाहिरातीत ‘६६० मिलीवॉट’ असं ठळक लिहितात. ती सगळ्यांची बेरीज. ८०८ चा एक डायोड २०० मिलीवॉटचा, असे तीन; बाकीचे ६५० चे पाच-पाच मिलीवॉटचे, आणि तो लाल उजेड वरच्यावरच राहतो. गुडघ्याच्या आत पोचायचं काम त्या तिघांचं.

घेतलं होतं माझ्या कोपरासाठी. आमची देवगड तालुक्यात आंब्याची बाग आहे. मार्चपासून मे संपेपर्यंत हातात झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी. लांब काठीच्या टोकाला फळं आली की सगळा भार मनगटावर आणि तिथून कोपराच्या बाहेरच्या हाडाशी येतो. दोन हंगाम अंगावर काढले. तिसऱ्याला भरलेला तांब्या उचलताना हात सुटायला लागला. कणकवलीच्या फिजिओने टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या स्नायुबंधाचं दुखणं, सांगितलं, व्यायाम दिला आणि लेझरच्या सिटिंग सुरू केल्या. फरक पडत होता. पण एका सिटिंगचे चारशे रुपये, वर एसटीने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो आणि हंगामात अर्धा दिवस मोडणं परवडत नाही. विक्रेत्याला फोनवर स्पष्ट विचारलं, क्लिनिकमध्ये ९०४ चं मशीन आहे, तुमचं ८०८ चं, चालेल ना? म्हणाला, ८०८ जास्त खोल जातं, उलट चांगलंच.

कोपराला ते चांगलं ठरलं नाही. पंधरा-वीस दिवस नेमाने लावलं, फरक जवळजवळ शून्य. पुढच्या खेपेला फिजिओला विचारलं तेव्हा त्यांनी नीट समजावलं. टेनिस एल्बोवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुण दिसला तो मुख्यतः ९०४ नॅनोमीटरच्या लेझरने, तोही थेट स्नायुबंधाच्या मुळाशी लावल्यावर. ८२०-८३० वाल्यांनी गुण दिसला नव्हता. म्हणजे विक्रेत्याने जे ‘उलट चांगलं’ म्हणून विकलं, ते नेमकं माझ्या दुखण्याला लागू नव्हतं. कोपर आता बराच बरा आहे, पण त्याचं श्रेय दीड किलोचं डंबेल हळूहळू खाली सोडायच्या व्यायामाला.

तेव्हाच मशीन परत करायला निघालो होतो. पण परतीची मुदत उलटून गेली होती, आणि सव्वीस हजारांची वस्तू कपाटात पडून राहिलेली मला बघवत नाही. म्हणून आईच्या गुडघ्यावर सुरू केलं.

आईचं वय सत्तरीच्या पुढचं. उभा जन्म तरवा काढण्यात आणि लावणीच्या चिखलात गेला. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. ऑपरेशनला ती तयार नाही आणि दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त उसळतं. पहिल्या दिवशी मशीन टेकवलं तर म्हणाली, “ह्या लावलंस मां? माका तर काय एक लागाक नाय.” शेक घ्यायची सवय असलेल्या माणसाला हे विचित्रच वाटणार. पण काही न लागणं हेच या उपचाराचं लक्षण आहे. एवढ्या कमी पॉवरमध्ये कातडी तापत नाही, म्हणून तर नाव कोल्ड लेझर. बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर १९६७ च्या सुमारास उंदरांची पाठ भादरून रूबी लेझरचा प्रयोग करत होते. लेझर लावलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले, आणि पुढे जखमांवरही त्यांनी तेच करून पाहिलं. हा प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम शोषतं, त्यातून पेशीला ऊर्जा मिळते आणि सूज उतरायला मदत होते, अशी आजची मांडणी आहे.

आता डोस, कारण सगळं इथेच ठरतं. पुस्तिकेत लिहिलंय, ‘दुखऱ्या भागावर अर्धा तास फिरवा’. या वाक्याला काही अर्थ नाही. फिजिओने आईचा गुडघा थोडा वाकवून, बोटाने सांध्याची फट चाचपून, बॉलपेनने सहा ठिपके काढून दिले. चार आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या. प्रत्येक ठिपक्यावर डायोड कातडीला दाबून, न हलवता धरायचा. हिशेब साधा आहे: २०० मिलीवॉट म्हणजे ०.२ वॉट, ते वीस सेकंद धरलं की ४ ज्यूल, म्हणजे त्या जागी गेलेल्या ऊर्जेचं माप. गुडघ्याच्या झिजेवरच्या २२ चाचण्यांचा आढावा २०१९ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये आला आहे, हजाराहून जास्त रुग्णांचा. त्यात ७८५ ते ८६० च्या पट्ट्यात एका जागी ४ ते ८ ज्यूल दिलेल्यांना फायदा दिसला, कमी दिलेल्यांना तसा नाही. आणि जास्त दिलं म्हणून जास्त गुण येतो असंही नाही, ठरावीक मर्यादेपुढे परिणाम उलट उतरतो. आम्ही तीस सेकंद धरतो. एक गुडघा तीन-चार मिनिटांत होतो, अर्धा तास लागत नाही.

तरी मशीनवर ज्यूल कुठेच दिसत नाहीत. लेव्हल १, २, ३, एवढंच. लेव्हल २ म्हणजे किती मिलीवॉट, असं कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं, ‘मीडियम’. औषधाच्या बाटलीवर मात्रा न छापता ‘मध्यम प्या’ लिहिण्यासारखं आहे हे. आम्ही ३ वरच ठेवतो, म्हणजे निदान पूर्ण पॉवर धरून हिशेब तरी करता येतो.

गुण आला. पहिल्या दोन आठवड्यांत नाही, त्यानंतर. आमचं घर वर आणि विहीर खाली. मधे जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी, पायऱ्या उंच आणि कडा झिजलेल्या. आई ती घाटी आडवी होऊन, गडग्याला हात लावत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची. एका सकाळी बघतो तर सरळ उतरतेय, उजवा पाय, डावा पाय, आणि कमरेवर रिकामी कळशी. मी काही बोललो नाही, तिनेच संध्याकाळी विचारलं, “आज लावचा नाय काय?” झीज गेलेली नाही, ती जाणारही नाही. पावसात सकाळचा ताठरपणा आहेच. पण रोजची गोळी आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली, आणि मला तेवढ्यात पैसे वसूल झाले. सोबत मांडीचे व्यायाम चालू आहेत. ते सोडून नुसता लेझर लावून बसणाऱ्यांनी माझ्या अनुभवावर जाऊ नये.

डोळ्यांचं मात्र गांभीर्याने घ्या. ८०८ चा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही आणि इजा होऊन जाते. डायोड चालू आहे की नाही ते मोबाइलचा कॅमेरा दाखवतो, स्क्रीनवर फिकट जांभळा ठिपका दिसतो. तेही मशीन भिंतीकडे तोंड करून, बाजूने बघायचं. कंपनीने चष्मा दिलाय एक आणि खोलीत माणसं दोन असतात, लावणारा आणि लावून घेणारा. दुसरा चष्मा तीच लहर अडवणारा वेगळा मागवावा लागला. साधा गॉगल चालत नाही.

डब्यावर ‘जखमा भरतो’ असंही छापलंय. काकीचा पाय कालवं काढताना कापला, तिला साखर आहे, आणि जखम आठवडाभर ओलीच होती. ती मशीन मागायला आली. मी दिलं नाही, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. साखरवाल्यांच्या पायाची जखम ही घरी प्रयोग करायची गोष्ट नाही. या प्रकाशाचा भरवशाचा उपयोग म्हणून जे सांगतात, ते कॅन्सरच्या उपचारात तोंडात फोड येतात ते टाळण्यासाठी, आणि तेही तज्ज्ञाच्या हातून. कॅन्सरची गाठ असलेल्या जागी, गरोदर बाईच्या पोटावर किंवा डोळ्यांजवळ हे लावायचं नाही. पुस्तिकेत ही सूचना शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे.

आता पिन. गणपती झाल्यावर एक दिवस चार्जिंगला लावलं तर लाल दिवा लुकलुकला आणि विझला. उलटून बघितलं तर दोन्ही टिकल्यांवर हिरवट पावडर, नखाने खरवडली तर खाली धातूला खड्डा. फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: ‘सर, वॉटर डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.’ मशीनला पाण्याचा थेंब लागलेला नाही, ते कपाटात असतं. पण इथे जुलैमध्ये कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते आणि बरणीतलं मीठ पाझरतं. खारी हवा उघड्या धातूवर बसते, दमट झाली की त्यात चार्जिंगचा करंट जातो आणि गंज आणखी वेगाने खातो. समुद्रकाठच्या प्रत्येक खलाशाला हे माहीत असतं, म्हणून तर बोटीच्या बॅटरीच्या टर्मिनलला ग्रीस फासतात. वैद्यकीय उपकरण म्हणून विकणाऱ्यांना ते माहीत नसावं, याचा मला खरोखर राग आहे. त्या टिकल्यांवर एक रबरी टोपी हवी होती, बस्स. कितीची येते ती?

वर त्यांनी ‘चार्जिंग असेंब्ली’चे चार हजार आठशे मागितले, कुरिअर माझ्या खर्चाने. मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आणि कंपनीला मेल केला: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तुम्हाला सिंधुदुर्गात यावं लागेल. भाषा लगेच मऊ झाली. दिवाळीआधी नवं मशीन आलं, फुकट. मधल्या काळात आईचा गुडघा पुन्हा धरला होता, त्याची भरपाई कोणी देत नाही.

नव्यालाही तीच उघडी पिन आहे. बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने उपाय सांगितला, तोच चालू आहे: चार्ज करण्याआधी टिकल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायच्या, कोरड्या होऊ द्यायच्या, चार्ज झाल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा आणि मशीन सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. पुड्या ओल धरल्या की बदलायच्या. बॅटरी टिकाऊ आहे, पावसात रात्रभर लाईट नसली तरी दोन्ही गुडघे होतात.

घाटावरच्या कोणी घेतलं तर पिनेचा त्रास कदाचित होणारही नाही. समुद्राजवळ राहत असाल तर घेण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या की चार्जिंगच्या जागेचा गंज वॉरंटीत धरला जाईल. आणि त्याआधी फिजिओकडे आठ-दहा सिटिंग करून तुमच्या दुखण्याला कोणती लहर लागू पडते ते बघा. मशीनला पाचपैकी चार, कंपनीच्या सर्व्हिसला एक. टोपी बसवलेलं मॉडेल आलं तर हा आकडा बदलेन.