गिअरबॉक्सला जादा ऑइल कूलर बसवला: फिनिक्सच्या उन्हात सव्वा वर्षाचा अनुभव

आमच्याकडे 2008 ची होंडा ओडिसी आहे आणि तिच्या मागे घडीचा छोटा कॅम्पर ट्रेलर. अ‍ॅरिझोनात फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाताना आय-17 महामार्गावर सुमारे 1,100 फुटांवरून जवळजवळ 7,000 फुटांवर चढावं लागतं. ब्लॅक कॅन्यन सिटी मागे पडली की सनसेट पॉइंटपर्यंतचा चढ गाडीचा घाम काढतो, आणि कॅम्प व्हर्डेनंतर तसाच दुसरा. मागच्या वर्षी जुलै लागताच खाली 44 अंश सेल्सिअस असताना चढलो. परत आल्यावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली, तर ऑइल काळपट आणि करपल्याचा वास. गाडीचा दोष नाही. ट्रेलर, सहा माणसं आणि जुलै, एवढं सगळं आम्हीच तिच्यावर लादलं होतं.

म्हणून तो महिना संपायच्या आत मी वेगळा कूलर बसवला. प्लेट-अँड-फिन (चपट्या पट्ट्या आणि त्यांमध्ये पातळ पंख) बनावटीचं, कुठल्याही गाडीला चालणारं किट, 64 डॉलरचं. अशी किटं बऱ्याच कंपन्यांची मिळतात आणि आतलं सामान थोड्याफार फरकानं तेच असतं. त्यामुळे खालचं बहुतेक सगळं तुमच्याही किटला लागू पडेल.

आधी गरज का पडते ते सांगते. रेडिएटरच्या टाकीतच गिअर ऑइलसाठी एक छोटा कूलर कंपनीनं दिलेला असतो. पण ज्या कूलंटनं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवानं, ऑइल थंड व्हायचं ते कूलंटच नव्वद अंशांच्या वर तापलेलं असतं, मग ऑइल त्याच्या खाली उतरणार कसं? त्यात इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. चढावर त्याचं लॉक-अप (दोन्ही बाजू थेट जोडणारी पकड) सुटतं आणि तो नुसतं ऑइल घुसळत राहतो. बहुतेक उष्णता तिथेच तयार होते. जादा कूलरला कूलंटशी देणंघेणं नाही, तो थेट समोरच्या वाऱ्यावर चालतो.

काम केलं मी आणि बाबांनी. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेत. तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी कधी उघडलेला नाही, पण नळी, सांधा आणि गळती यांत त्यांचं आयुष्य गेलंय.

किटमधला कूलर उत्तम आहे. पंख सरळ, वेल्डिंग स्वच्छ, वजनाला हलका. होज, म्हणजे ऑइल नेणारी रबरी नळी, तोही चांगला, त्यावर जे-1532 हा ट्रान्समिशन ऑइलच्या होजचा मानांक छापलेला आहे. होज कमी पडला तर दुकानातून पेट्रोलची नळी आणून जोडू नका. गरम गिअर ऑइलसाठी ती बनवलेली नसते.

बसवण्यासाठी दिलेल्या प्लास्टिकच्या काड्या मात्र मला अजिबात पसंत नाहीत. त्या एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या आणि मागून टोपणानं आवळायच्या, असं माहितीपत्रकात म्हटलंय. दहा मिनिटांत काम होतं हे खरं. बाबांनी काडी हातात घेऊन वाकवून पाहिली आणि म्हणाले, "अगं, हे सगळं रस्त्यावर थरथरणार. वर्षभरात कंडेन्सरच्या नळीला भोक पाडेल ही." मला पटलं. हार्डवेअरच्या दुकानातून इंचभर रुंदीच्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणल्या, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पत्र्याला बोल्टनं बसवल्या आणि त्यांवर रबरी वॉशर घालून कूलर टांगला. कंडेन्सर आणि कूलर यांच्यात बोटभर फट राहिली. यात दोन तास जादा गेले, पण यापुढे कुणी विचारलं तर मी काड्या टाकून द्यायलाच सांगेन.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कूलर कुठल्या नळीवर घालायचा. ऑइल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून आणि तिथून परत गिअरबॉक्सकडे गेलं पाहिजे. थंडीत फ्लॅगस्टाफला बर्फ असतो. तिथे तेच रेडिएटर ऑइलला ऊब देतं, म्हणून त्याला वगळायचं नाही. परतीची नळी कोणती हे अंदाजानं ठरवू नका. आम्ही रेडिएटरची एक नळी सोडली, बाबांनी खाली बाटली धरली, मी इंजिन जेमतेम तीन-चार सेकंद चालू केलं. ऑइल रेडिएटरच्या तोंडातून आलं, म्हणजे तीच परतीची बाजू. कूलरची तोंडं आडवी किंवा वर ठेवा. खाली ठेवली तर आत हवा अडकून राहते.

बंपर काढण्यापासून परत लावेपर्यंत साडेपाच तास गेले. कूलर आणि होज भरायला अर्धा लिटरच्या आसपास ऑइल जादा लागलं, होंडाचंच डीडब्ल्यू-1 घातलं. ओडिसीची पातळी इंजिन गरम करून, मग बंद करून, साठ ते नव्वद सेकंदांच्या आत बघायची असते. इतर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक आधी वाचा.

त्याच संध्याकाळी एका सांध्याखाली दोन थेंब दिसले. किटबरोबर आलेले स्क्रूचे क्लॅम्प आवळले की रबरात रुततात, आणि मी एक क्लॅम्प तोंडाच्या उंचवट्यावरच बसवला होता. चारही बदलून कडा वळवलेले, फ्युएल इंजेक्शनचे क्लॅम्प लावले आणि गाडी तापवून, निववून पुन्हा एकदा आवळले. होज जिथे पत्र्याला टेकत होता तिथे बाबांनी जुन्या नळीचा तुकडा चिरून गुंडाळला.

आता फरक. मी सनसेट पॉइंटला थांबल्यावर गिअरबॉक्सकडे परत जाणाऱ्या नळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरते, दर वेळी त्याच जागी. मागच्या जुलैत 104 अंश आलं होतं. या जुलैत, तोच ट्रेलर आणि जवळपास तेवढंच ऊन असताना, 81. हे नळीच्या बाहेरचं तापमान आहे, आतलं ऑइल याहून गरमच असणार, पण तुलना खरी आहे. कॅम्प व्हर्डेच्या चढावर पूर्वी गिअर बदलताना जो रेंगाळलेपणा जाणवायचा तो यंदा जाणवला नाही. त्याचं थोडं श्रेय ताज्या ऑइललाही जातं. कूलर लावायच्या आधी दोनदा ड्रेन करून नवं भरलं होतं, एका वेळी साधारण तीन लिटरच निघतं.

ट्रेलर ओढत नसाल आणि रोजचं ऑफिस सपाट रस्त्यावर असेल तर एवढा खटाटोप करू नका, वेळेवर ऑइल बदला. ओढत असाल तर पुढच्या उन्हाळ्याआधी बसवून घ्या. कूलर आणि होजला माझ्याकडून पाचपैकी पाच, काड्यांना आणि क्लॅम्पना एक.

बाबा नाशिकला परत गेलेत. आम्ही चढावर निघालो की आदल्या रात्री त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न सांध्यांचाच असतो. टॉर्च घेऊन बंपरखाली बघते आणि सांगते, कोरडे आहेत.