‘३-९×४०’ असं छापलेल्या स्कोपमध्ये ४० मिलिमीटर नव्हतेच

.२२ रायफलीसाठी परवडणारा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, शोधणारे परवानाधारक खेळाडू एकाच पद्धतीने फसवले जातात. म्हणून अशा एका व्यवहाराचा तपशील इथे देत आहोत. घेणारा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रायफल क्लबचा सभासद. विकणारा समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून भेटलेला. जाहिरातीत एका नामांकित परदेशी कंपनीचं नाव, ‘३-९×४०’ (३ ते ९ पट झूम, पुढचं भिंग ४० मिलिमीटर व्यासाचं), ‘लाल-हिरवा प्रकाशित क्रॉसहेअर’ (नेम धरायची आतली फुली), ‘.२२ पासून मोठ्या बोअरपर्यंत सर्व रायफलींना चालेल’, ‘१०० मीटरवर अचूक’. १४,९९९ रुपयांवर काट मारून ३,४९९ रुपये. पैसे आगाऊ, यूपीआयने. परत करण्याची मुदत सात दिवस, तीही ‘न वापरलेल्या’ मालाला.

माल आला. नळी काळी, चकचकीत, हातात वजनदार. पहिल्या पाहणीत कुणालाही खटकणार नाही, आणि फसवणूक टिकते ती याचमुळे. स्वस्त स्कोपमध्ये खोट असते ती भिंगाच्या मागे आणि टरेटच्या, म्हणजे नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या बटणांच्या, आत. विकणारा आकडे विकतो, आणि घेणारा आकडे वाचून समाधान मानतो. पण त्यातला प्रत्येक महत्त्वाचा आकडा घरी तपासता येतो. त्यासाठी व्हर्नियर, मोबाइलचा टॉर्च, आलेख कागद आणि बेंच व्हाइस एवढं पुरतं. एक काडतूसही खर्च होत नाही आणि स्कोप रायफलीवर चढवावाही लागत नाही, म्हणजे ‘न वापरलेला’ ही अट मोडत नाही.

पहिली तपासणी भिंगाच्या व्यासाची. खोलीत अंधार करा, झूम सर्वांत वर ठेवा. डोळा लावायच्या बाजूने, साधारण एक मीटरवरून, टॉर्चचा झोत स्कोपमध्ये सरळ सोडा. पुढच्या भिंगाला जवळजवळ चिकटवून पांढरा कागद धरा आणि त्यावर पडणारं प्रकाशाचं वर्तुळ व्हर्नियरने मोजा. ४० मिलिमीटरचं भिंग खरोखर पूर्ण वापरात असेल, तर वर्तुळ ४० च्या आसपास भरतं. या स्कोपमध्ये ते २७ भरलं. काच बाहेरून ४० मिलिमीटरचीच आहे, पण आत एक काळी कडी बसवून कडेचा प्रकाश अडवला आहे. हलक्या दर्जाच्या भिंगाची कड चित्र धूसर करते, रंगांच्या झालरी आणते. ती सुधारायला खर्च येतो, झाकायला येत नाही. म्हणून घेणाऱ्याने पैसे मोजले ४० चे, आणि मिळाला तो २७ मिलिमीटरचा स्कोप.

दुसरी तपासणी झूमची, आणि ती पहिलीनंतरच करायची. स्कोप उजळ आकाशाकडे धरा, सूर्याकडे कधीही नाही. डोळ्याच्या बाजूला आठ-नऊ सेंटिमीटरवर कागद धरून पुढे-मागे सरकवा. प्रकाशाचा लहान ठिपका जिथे सर्वांत स्पष्ट दिसेल तिथे त्याचा व्यास मोजा. पुढच्या भिंगाचा प्रत्यक्ष वापरातला व्यास भागिले हा ठिपका म्हणजे झूम. इथे ठिपका ३.९ मिलिमीटर भरला. २७ भागिले ३.९, म्हणजे जेमतेम ७ पट. आता पहिली तपासणी आधी का, ते पाहा. छापलेले ४० मिलिमीटर खरे मानून भागलं, तर उत्तर १० च्या वर येतं, आणि ‘९ सांगितले, १० दिले’ असं वाटून घेणारा खूश होतो. एक खोटा आकडा दुसऱ्या खोट्या आकड्याला असा आधार देतो.

तिसरी तपासणी टरेटची, आणि सर्वाधिक पैसे इथेच बुडतात. स्कोपवर ‘एक क्लिक पाव एमओए’ असं लिहिलेलं होतं. क्लिक म्हणजे टरेटचा एक खटका. १ एमओए (एका अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. पाव एमओए म्हणजे १०० मीटरवर ७.३ मिलिमीटर, ५० मीटरवर ३.६ आणि २५ मीटरवर १.८. स्कोप रबर गुंडाळून व्हाइसमध्ये घट्ट धरा, बरोबर २५ मीटरवर आलेख कागद लावा आणि क्रॉसहेअर एका चौकटीच्या कोपऱ्यावर आणा. ४० क्लिक वर द्या. क्रॉसहेअर ७३ मिलिमीटरच्या आसपास सरकला पाहिजे. मग ४० क्लिक खाली. तो मूळ कोपऱ्यावर परतला पाहिजे. हेच डावी-उजवीकडे. या स्कोपमध्ये तो ५२ मिलिमीटर सरकला आणि परतताना मूळ जागेपासून ९ मिलिमीटर दूर थांबला.

सरकणं कमी भरलं तर एक वेळ चालवून घेता येईल. क्लिक मोजून स्वतःचा तक्ता करता येतो. पण परत जागेवर न येणं हा दोष माफ करण्यासारखा नाही. २५ मीटरवरचे ९ मिलिमीटर ५० मीटरवर १८ होतात. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकतं. म्हणजे हात, श्वास, ट्रिगर सगळं बरोबर असूनही गोळी दोन वर्तुळं बाहेर. कारण साधं आहे. क्रॉसहेअर असलेली आतली नळी एका बाजूने टरेटच्या स्क्रूवर आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगवर टेकलेली असते. स्प्रिंग मऊ असेल किंवा ग्रीस चिकट असेल, तर स्क्रू मागे घेतला तरी नळी त्याच्याबरोबर येत नाही. मग एक-दोन गोळ्यांच्या धक्क्याने ती अचानक सरकते. नवा नेमबाज याला स्वतःची चूक समजतो आणि महागडी काडतुसं जाळत बसतो. या फसवणुकीची सर्वांत मोठी किंमत हीच आहे. ३,४९९ रुपये त्यापुढे किरकोळ.

आता पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकल्यासारखा दिसणं. .२२ घेणाऱ्याने दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हा, आणि जाहिरातीत हमखास गाळलेली गोष्टही हीच. मोठ्या बोअरच्या (मोठ्या काडतुसांच्या) रायफलींसाठी बनवलेला स्कोप कारखान्यात साधारण १०० यार्डांवर जुळवलेला असतो. रिमफायर, म्हणजे .२२ सारख्या छोट्या काडतुसांच्या, रायफलींसाठीचा ५० किंवा ६० यार्डांवर. जुळवणीच्या अंतरापेक्षा टार्गेट जवळ असेल, तर डोळा मधोमध नसताना क्रॉसहेअर टार्गेटवर सरकलेला दिसतो. जास्तीत जास्त चूक किती, तर भिंगाचा अर्धा व्यास गुणिले अंतरातला फरक भागिले जुळवणीचं अंतर. ४० मिलिमीटरचा, १०० यार्डांवर जुळवलेला स्कोप ५० मीटरवर सुमारे ९ मिलिमीटर चुकवू शकतो, २५ मीटरवर १४ ते १५. तपासायला रायफल लागत नाही. स्कोप पक्का ठेवा, ५० मीटरवरच्या बिंदूवर क्रॉसहेअर आणा आणि स्कोपला हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर बिंदूवरून भटकतो का ते पाहा. इथे तो ५० मीटरवर स्पष्ट भटकत होता आणि १०० च्या जवळ स्थिर होत होता. ‘.२२ साठी’ हा शब्द फक्त जाहिरातीपुरता होता.

‘१०० मीटरवर अचूक’ या दाव्याबद्दलही थोडं. ४० ग्रेन वजनाची, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास निघणारी साधी .२२ गोळी ५० मीटरवर झीरो केली (नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली), तर १०० मीटरवर सुमारे २० सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे २८ क्लिक. टरेट परत जागेवर येत नसेल, तर हे २८ क्लिक वर-खाली करण्यात अर्थ नाही. क्रॉसहेअरखाली गोळी किती खाली जाईल ते दाखवणाऱ्या खुणा असतील तर त्या कोणत्या काडतुसासाठी आखल्या आहेत ते विचारा. .३०८ या मोठ्या काडतुसाच्या खुणा .२२ ला लागू होत नाहीत.

लाल-हिरव्या दिव्याने भुलू नका. दिवसा रेंजवर त्याचा उपयोग नाही, आणि त्या किमतीत तो दिवा बसवला म्हणजे भिंगाचे पैसे कुठेतरी कापले आहेत. माणकासारखी लालभडक चमक असलेली काचही टाळा, कारण तो थर लाल प्रकाश परतवून लावतो आणि चित्र फिकट होतं. चांगल्या लेपाची ओळख अशी: ट्यूबलाइटचं प्रतिबिंब भिंगात पाहा. लेप असेल तर ते मंद आणि हिरवट किंवा जांभळट दिसतं. पांढरंशुभ्र, ठळक प्रतिबिंब म्हणजे काच कोरी. ‘कोटेड’ आणि ‘फुली मल्टी-कोटेड’ यांत मोठं अंतर आहे. पहिल्याचा अर्थ एखाद्या पृष्ठभागावर एक थर एवढाच होऊ शकतो.

स्कोप रायफलीवर धरण्यासाठी सोबत आलेल्या रिंगा तर बसल्याच नाहीत. बहुतेक .२२ रायफलींवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, काहींवर ९.५ ची. या रिंगा सुमारे २१ मिलिमीटर रुंदीच्या रेलसाठी होत्या. तक्रार केल्यावर विकणाऱ्याने ‘अडॅप्टर वेगळा घ्या’ म्हणून आणखी ८०० रुपये मागितले. अडॅप्टरने स्कोप एखादा सेंटिमीटर उचलला जातो, गाल कुंद्यावर टेकत नाही, डोळा मधोमध राहत नाही आणि वर सांगितलेली पॅरलॅक्सची चूक पूर्ण वाढते. म्हणून खाचेचं माप आधी घ्या, मगच रिंगा. रिंगांचे स्क्रू १.७ ते २ न्यूटन मीटरपर्यंत, आळीपाळीने आवळा. जास्त आवळले तर नळी चेपते आणि टरेट अडकतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, आणखी एक तपासणी कराच. स्कोप तासभर फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढा. बाहेरच्या काचेवर धुकं येणारच, ते पुसा. आत धुकं दिसलं तर ‘नायट्रोजन भरलेला’ हे खोटं, आणि पुढेमागे भिंगावर बुरशी धरणार.

एक गैरसमज विकणारे मुद्दाम पसरवतात, की स्पर्धेला स्कोप लागतोच. ५० मीटर रायफलच्या ऑलिंपिक प्रकारांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं, ते पीप साइटवर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरून. त्या वाटेने जायचं असेल तर स्कोपचे पैसे वाचवून काडतुसांवर घाला.

सराव आणि हौशी टार्गेटसाठी हवाच असेल, तर २५.४ मिलिमीटर नळीचा साधा ४×३२, ५० यार्डांवर जुळवलेला, किंवा २-७×३२ रिमफायर. पुढच्या भिंगावर पॅरलॅक्सची फिरती कडी असलेला ३-९×३२ मिळाला तर उत्तम, पण कडीवरच्या अंतराच्या खुणांवर भरवसा न ठेवता डोकं हलवून तपासा. ६-२४×५० च्या वाटेला जाऊ नका. खरोखर २४ पट झूम असला तरी डोळ्याकडे येणारा ठिपका २ मिलिमीटरचा उरतो, चित्र काळोखतं आणि नाडीचा ठोकासुद्धा क्रॉसहेअरवर दिसतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीवर तोच स्कोप लावायचा विचार असेल, तर त्यासाठी बनवलेलाच घ्या. पिस्टन थांबताना पुढच्या दिशेने बसणारा धक्का साध्या स्कोपचा क्रॉसहेअर सैल करतो. .२२ चा धक्का त्यामानाने काहीच नाही.

नामांकित ब्रँड स्वस्तात मिळत असेल तर अनुक्रमांक नळीवर कोरलेला आहे की नखाने निघणारा स्टिकर आहे ते पाहा आणि तो कंपनीकडून पडताळून घ्या. कंपनीच्या यादीत त्या मॉडेलला दिवा नसेल आणि हातातल्याला असेल, तर तो नकलीच. निकॉनने रायफलस्कोप बनवणं बंद केलं आहे, त्यामुळे ‘निकॉनचं यंदाचं नवं मॉडेल’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबावं. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत असणं कायद्याने बंधनकारक आहे. या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं.

खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ, टॉर्चच्या वर्तुळाशेजारी व्हर्नियर धरलेला फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती, एवढं जपून ठेवा. ‘क्वालिटी चांगली नाही’ या तक्रारीला उत्तर येत नाही. ‘४० सांगितले, २७ भरले’ याला द्यावं लागतं. ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार ४८ तासांत नोंदवून घेऊन महिन्याभरात निकाली काढायची असते. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन विकणारा गायबच झाला, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

माल परत जातच नसेल, तर त्याच्याकडून काम असं करून घ्या. झूम एकाच जागी, ४ च्या आसपास ठेवा. पुढच्या भिंगावर मधोमध २० मिलिमीटरचं भोक पाडलेली काळ्या पुठ्ठ्याची चकती बसवा. ४० मिलिमीटर धरून काढलेली पॅरलॅक्सची चूक निम्मी होते. ५० मीटरवर झीरो करताना शेवटची हालचाल नेहमी स्क्रू आत जाण्याच्या दिशेने ठेवा, म्हणजे नळी स्प्रिंगच्या भरवशावर राहत नाही. स्क्रू बाहेर घ्यायचा झाला तर दहा क्लिक जास्त मागे जाऊन पुन्हा आत या. मग पाच गोळ्या आतलं सगळं स्थिरावण्यासाठी, पुढच्या पाच गोळ्या ग्रुपसाठी, म्हणजे छिद्रांचा पुंजका कुठे पडतो ते पाहण्यासाठी. ग्रुप मधोमध बसला की टरेटची टोपणं लावा आणि पुन्हा फिरवू नका.