सांगलीच्या रस्त्यांवर २५ मि.मी. खाली घेतलेली स्विफ्ट: एक पावसाळा आणि एक गाळप हंगाम वापरल्यानंतर

गाडी तिसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट, १५ इंची चाकं, १८५/६५ टायर. बसवलेला सेट असा: २५ मि.मी. खाली घेणाऱ्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगा, त्या उंचीसाठीच बॉडी आखूड केलेले गॅस शॉकअप, चारही बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला की ज्यावर टेकतो ती रबराची किंवा फोमची गादी) नवीन, पुढे माउंटिंग आणि बेअरिंग नवीन. रोजचा रस्ता विश्रामबाग ते कुपवाड एमआयडीसी, वरचेवर मिरज आणि तासगाव-पलूस, अधूनमधून महामार्गाने पुणे.

गाडी खाली घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, ‘किती इंच खाली?’ रोजच्या गाडीसाठी खरा प्रश्न वेगळा आहे. गाडी खाली आल्यावर बंप स्टॉपला टेकेपर्यंत शॉकअपला किती चाल, म्हणजे दाबलं जाण्याचं अंतर, उरते? आराम त्या उरलेल्या चालीत असतो. समजा कंपनीच्या उंचीला चाक स्टॉपपर्यंत ८० मि.मी. वर जाऊ शकतं. फक्त स्प्रिंग बदलून गाडी ३० मि.मी. खाली घेतली तर ५० उरले. तोच खड्डा, तोच धक्का ५० मि.मी. मध्ये पचवायचा तर स्प्रिंग अडीच पट कडक लागते, कारण हिशोब अंतराच्या वर्गाने चालतो: ८० भागिले ५०, त्याचा वर्ग २.५६. एवढी कडक स्प्रिंग रोज कुणाला सोसणार नाही, म्हणून विकणारे ती थोडीच कडक करतात आणि बाकीचा धक्का रबराच्या स्टॉपवर सोडतात. ‘लो केल्यावर गाडी आदळते’ म्हणतात, ते आदळणं बहुतेक वेळा हेच असतं. स्प्रिंग कडक असते असं नाही, ती संपलेली असते.

म्हणूनच आखूड बॉडीचा शॉकअप. बॉडी जेवढी आखूड, तेवढी गेलेली चाल परत मिळते. बिल्स्टीन या कंपनीच्या बी६ आणि बी८ शॉकअपमधला मुख्य फरक हाच: बी६ मूळ उंचीसाठी, बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी. मूळ शॉकअपवर नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा घातल्या तर आणखी एक गोष्ट घडते. मूळ शॉकअपचा रिबाउंड (दाबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणं) मूळ स्प्रिंगेला जुळवलेला असतो. स्प्रिंग कडक झाली की तोच शॉकअप कमी पडतो, आणि गाडी एका धक्क्यानंतर दोन-तीनदा वरखाली होते.

हा डोल सांगली जिल्ह्यात फार जाणवतो. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा डांबरी रस्ता लांब लाटांसारखा होतो. त्यात गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर त्याच चाकोरीतून जातात. तासगाव रस्त्यावर ६०-७० च्या वेगात या लाटा रिबाउंडची खरी परीक्षा घेतात. इथे हा सेट मूळ गाडीपेक्षा सरळ चांगला ठरला. लाट ओलांडली की गाडी एका झटक्यात बसते, मागच्या सीटवर बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. त्यात मागच्या स्प्रिंगेचा वाटा मोठा आहे. मागचा डोल पुढच्यापेक्षा थोडा जलद असला तर लाटेवरून आधी पुढचं आणि मग मागचं चाक गेलं तरी मागची बाजू पुढचीला गाठते आणि नाक-शेपूट डोलणं लवकर थांबतं.

स्प्रिंग निवडताना एवढा हिशोब घरी करता येतो. दोन माणसं बसलेल्या स्विफ्टच्या पुढच्या एका चाकावर स्प्रिंगच्या वरचं वजन साधारण २६५ किलो धरा. चाकापाशी २० न्यूटन प्रति मि.मी. कडकपणा असेल तर डोल सेकंदाला सुमारे १.४ वेळा येतो. २५ ला सुमारे १.५५, ४० ला जवळपास २. रोजच्या गाडीत पुढे दीडच्या आसपास थांबावं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कॉइलओव्हरमध्ये (उंची फिरवून बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) पुढे ६ किलो (सुमारे ५९ न्यूटन) प्रति मि.मी. ची स्प्रिंग असली तर हा आकडा सव्वादोनच्या घरात जातो. शंभर फुटी रोडवर ते दिवसभर सोसण्यासारखं नाही, मग शॉकअपचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबवर कितीही क्लिक असोत.

कॉइलओव्हर घ्यायचाच असेल तर उंची खालच्या ब्रॅकेटवर फिरवता येणारा घ्या. त्यात बॉडीची लांबी बदलते, शॉकअपची चाल शाबूत राहते. स्प्रिंगची बैठक खाली सरकवून उंची कमी करणाऱ्यात चाल जाते, म्हणजे पुन्हा मूळ दुखणं.

आता पोट घासण्याचं. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मि.मी., म्हणजे आता रिकाम्या गाडीला १३८. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच असतो, त्याची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टचा व्हीलबेस २.४५ मीटर. दोन्ही चाकं अशा गतिरोधकावर असताना मधला फुगवटा पोटाकडे फक्त ४४ मि.मी. येतो. तिथे काहीच अडचण नाही. अडचण गावोगावच्या अर्धा मीटर रुंद, वीतभर उंच ढिगाऱ्यांची. तो दोन चाकांच्या मध्ये आला की त्याची पूर्ण उंची पोटाखाली असते. १५ सें.मी. चा असेल तर १३८ मि.मी. ची गाडी घासणार, आणि मूळ गाडीसुद्धा भरलेली असेल तर घासते. तिरपं घेतलं, एकेक चाक चढवलं, तर बहुतेक निघतात. इंजिनखाली पत्र्याचा गार्ड लावला असेल तर त्याची जाडी आणि लटकण हिशोबातून आधी वजा करा. गाडी आणखी १० मि.मी. खाली घेतली असती तर माधवनगरच्या पुढे रोज जाणं अवघड झालं असतं. या भागात २५ ही मर्यादा मानावी, ३० ला हात लावू नये.

भार हा या सेटचा सगळ्यात कमकुवत भाग. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान, मिळून मागच्या चाकांवर १७० किलो वाढले, तर एका चाकावर ८५. २० न्यूटनच्या स्प्रिंगवर मागची बाजू त्याने ४२ मि.मी. बसते, २४ च्या स्प्रिंगवर ३५. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचा उपयोग इथे होतो: हलक्या भाराला मऊ, दाबली की कडक. तरी पाच माणसं घेऊन जोतिबाला जाताना मागचा स्टॉप लागतोच, लांबट फोमचा असल्यामुळे दणका मात्र बोथट येतो. घरात रोज पाच जणांचा प्रवास असेल तर मागे १५ मि.मी. वरच थांबा.

बसवताना गॅरेजमध्ये उभं राहून चार गोष्टी बघाव्यात. शॉकअपचा वरचा नट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका. दांडा फिरतो आणि सील ओरखडतं. ॲलन कीने दांडा धरून हातपान्याने आवळायचा. लोअर आर्म आणि मागच्या बीमचे बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते लावून ठेवायचे, शेवटचं टाइट गाडी चाकांवर उभी असताना. लटकत्या स्थितीत आवळले की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं आणि दोष नव्या शॉकअपवर येतो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आपापल्या क्लिपमध्ये गेली का बघा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ताण येतो का तेही. आणि स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बरोबर बसलंय का, जॅकवर चाक लटकलं असतानाही स्प्रिंग सैल होत नाही ना, हे हाताने हलवून बघा. मूळ स्प्रिंग कापून खाली घेतलेल्या गाड्यांत ती लटकत्या चाकात बैठकीतून सुटू शकते. कापलेली किंवा गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग कुठल्याच गाडीत नको.

किती चाल उरली हे मोजायला एक केबल टाय पुरतो. डस्ट बूट (दांड्यावरचं रबरी आवरण) वर सरकवून शॉकअपच्या दांड्याला तो बॉडीला टेकेल असा हलक्या घट्टपणे बांधा, मग नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय जिथवर सरकला तिथवर शॉकअप दाबला गेला. रोजच्या खड्ड्यांत तो प्रत्येक वेळी स्टॉपपाशी जाऊन बसत असेल तर गाडी जास्तच खाली आहे. उभ्या गाडीत बॉडी आणि स्टॉप यांच्यात निदान ३० मि.मी. मोकळी जागा असावी. स्टॉप काढून टाकू नका. धातूवर धातू आदळला की आधी शॉकअपची आतली व्हॉल्व्ह जाते, मग वरचं माउंटिंग.

अलाइनमेंट लगेच आणि मग स्प्रिंगा बसल्यावर, ३०० ते ५०० कि.मी. नंतर पुन्हा. गाडी खाली आली की पुढचं कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत झुकतं आणि टो (वरून बघता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतो. टायर आतून खाण्याचं काम कॅम्बरपेक्षा टो जास्त करतो, म्हणून रीडिंगचा कागद मागून घ्या. पुढचा टो शून्याजवळ, कॅम्बर उणे १ अंशाच्या आसपास, डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा कमी फरक. मागचा बीम सरळ असेल तर तिथे फिरवण्यासारखं काही नसतं. हेडलाइटचा झोतही नव्याने लावून घ्या.

चाकं १५ चीच ठेवा. १९५/५५ आर१६ ने बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण टायरची भिंत १२० वरून १०७ मि.मी. होते. काँक्रीटच्या सांध्यांची टकटक हा सेट मूळ गाडीपेक्षा जरा जास्त आत पाठवतो. त्यात ही १३ मि.मी. घालवणं परवडत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि विमा कंपनी क्लेमच्या वेळी सस्पेन्शनकडे बोट दाखवू शकते. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप जपून ठेवावेत.

पावसाळ्यानंतर पुढून डावीकडे खट्खट् यायला लागली. शॉकअप ठीक होता, दांडा कोरडा. लिंक रॉडचा (स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या दांडीचा) बॉल जॉइंट सैल निघाला. खाली घेतलेल्या गाडीत लिंक रॉडचा कोन बदलतो, त्यामुळे हा भाग आधी झिजतो. जोडी बदलली आणि आवाज गेला. डस्ट बूटच्या खालच्या बाजूला उसाच्या रस्त्यांवरचा चिखल साचून घट्ट होतो. सर्व्हिसिंगला चाकं काढली की तो पाण्याने धुवून दांडा स्वच्छ पुसायला सांगा, प्रेशर गनचा फवारा मात्र सीलवर थेट मारू देऊ नका.