आठ महिन्यांनंतर: सेकंडहँड लॅपटॉप चांगला, विंडोज मात्र उसनं निघालं

लॅपटॉप घेऊन आठ महिने झाले. मशीनबद्दल तक्रार नाही. कीबोर्ड उत्तम, स्क्रीन ठीक, बॅटरी जेमतेम तीन तास, पण जुन्या मशीनकडून त्याहून जास्त अपेक्षा नव्हतीच. लिहायचंय ते विंडोजबद्दल. तिथे मी फसलो आणि फसलोय हे सहा महिने कळलंही नाही.

घेताना विचारलं होतं, "विंडोज ओरिजिनल आहे ना?" विकणाऱ्याने सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं (म्हणजे लायसन्स लागू झाल्याचं) पान उघडून हिरवी टिकखूण दाखवली. मी मान डोलावली. त्याच पानावर एक ओळ होती: तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेमार्फत विंडोज ॲक्टिव्हेट केलं आहे, अशा अर्थाची. माझी कसली आलीय संस्था! पण टिकखूण दिसल्यावर बाकीचं वाचतो कोण?

सहाव्या महिन्यात एका सकाळी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं उमटली. विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "एक छोटी फाइल पाठवतो, ॲडमिन म्हणून चालवा. अँटिव्हायरस तेवढा बंद करा." तेव्हा माझी ट्यूब पेटली.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून 'एसएलएमजीआर', एक स्पेस, स्लॅश आणि 'डीएलआय' टाइप केलं. दोन-चार सेकंदांनी एक छोटी चौकट आली. वर नाव 'एंटरप्राइझ', खालच्या ओळीत 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट'. खरं तर एंटरप्राइझ वाचूनच शंका यायला हवी होती. ही आवृत्ती कंपन्यांना व्हॉल्यूम लायसन्सवर, म्हणजे अनेक मशीनसाठी घेतलेल्या एकत्र परवान्यावर मिळते; कारखान्यातून आलेल्या लॅपटॉपवर होम किंवा प्रो असतं.

केएमएस (की मॅनेजमेंट सर्व्हिस) हा मुळात चोरीचा प्रकार नाही. मोठ्या ऑफिसात स्वतःचा सर्व्हर असतो, किमान 25 मशीन जोडलेली असली की तो त्यांना ॲक्टिव्हेट करतो. हे ॲक्टिव्हेशन 180 दिवस टिकतं आणि मशीन दर 7 दिवसांनी ते वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं. माझा लॅपटॉप कुठल्या तरी तिऱ्हाईत सर्व्हरला जोडून दिला होता. तो सर्व्हर गायब झाला आणि 180 दिवस भरले. सहा महिन्यांचं गणित तिथे सुटलं. लॅपटॉप खरंच एखाद्या कंपनीतून आलेला असता तरी ते लायसन्स कंपनीचं, मशीनबरोबर माझ्याकडे आलं नसतं.

'डीएलआय'च्या जागी 'एक्सपीआर' लिहिलं की मुदत कळते. पण तिथे 'कायमचं ॲक्टिव्हेट' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, तसं दाखवणाऱ्याही क्लृप्त्या आहेत.

गंमत पुढेच आहे. विंडोज 8 पासून लॅपटॉप कंपन्या 25 अक्षरांची 'प्रॉडक्ट की' (लायसन्सचा क्रमांक) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यावरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून देतात. पॉवरशेलमधून (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची आणखी एक खिडकी) विचारल्यावर माझ्या मशीनमध्येही ती निघाली, होम आवृत्तीची. म्हणजे अस्सल लायसन्स पोटात होतं आणि त्यावर उसनं एंटरप्राइझ बसवलेलं! (अशी 'की' मिळाली नाही म्हणजे विंडोज चोरीचंच, असं मात्र नाही. मशीन त्याहून जुनं असेल, मदरबोर्ड बदललेला असेल, किंवा मुळात विंडोजशिवाय विकलं गेलेलं असेल.)

डेटाचा बॅकअप घेतला आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवून सगळं पुसून नव्याने टाकलं. एंटरप्राइझवरून होमवर सरळ उतरता येत नाही, त्यामुळे एक अख्खा रविवार गेला. इन्स्टॉल करताना आवृत्ती विचारलीच नाही, फर्मवेअरमधली 'की' वाचून होम आपोआप निवडलं. इंटरनेट जोडल्यावर एका मिनिटात ॲक्टिव्हेट. आता त्याच चौकटीत 'ओईएम डीएम' दिसतं, म्हणजे लॅपटॉप कंपनीने मशीनमध्येच टाकलेलं लायसन्स. होममध्ये नसल्यामुळे दुसऱ्या मशीनवरून या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपने यायची सोय गेली, तेवढी अडचण होते.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीसाठी एक लॅपटॉप बघायला गेलो. आधी पालथा करून खालच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर बायोसमधल्या (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमधल्या) नंबरशी ताडून पाहिला, मदरबोर्ड बदललेला नाही ना म्हणून, मग कमांड प्रॉम्प्ट उघडला. विकणारा म्हणाला, "अहो, ॲक्टिव्हेटेड आहे की!" मी म्हटलं, "हो, दिसतंय," आणि टाइप करत राहिलो.