उन्हाळ्याच्या सुट्टीतली राणीची बाग : सावली बघून आखायची सहल

मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जाणे म्हणजे हौसेने घाम गाळणे, असे मुंबईतल्या बहुतेक घरांत मानले जाते, आणि सकाळी आरामात उठून, जेवून, बारा वाजता भायखळ्याला पोहोचणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत ते खरेही ठरते. तरीही वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय, म्हणजे आपल्या सर्वांची राणीची बाग, हे उन्हाळ्यात टाळण्याचे ठिकाण आहे असे मला वाटत नाही. ही बाग १८६२ मध्ये सुरू झाली तीच मुळात वनस्पती उद्यान म्हणून. प्राण्यांना तिथे नंतर जागा मिळाली. त्यामुळे पन्नासहून अधिक एकरांच्या या आवारात जुन्या वृक्षांची जी सावली आहे, तेवढी मुंबईच्या ऐन वस्तीत क्वचितच सापडेल. पिंजऱ्यांच्या क्रमाने न फिरता सावलीच्या क्रमाने फिरायचे ठरवले, तर मे महिन्यातही इथे अर्धा दिवस सुखात जातो. पूर्ण दिवसाचा हट्ट मात्र धरू नये.

आधी वेळेचे पाहू. बाग सकाळी साडेनऊला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. तिकीटखिडकी त्याआधीच बंद होत असल्यामुळे शेवटच्या तासाच्या भरवशावर निघू नये. बुधवारी साप्ताहिक सुट्टी असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर त्या दिवशी बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद असते, हे माहीत नसल्यामुळे गुरुवारी फाटकावरून परत फिरणारी कुटुंबे असतात. तिकिटाचे दर २०१७ मध्ये वाढले. मोठ्यांसाठी पाच रुपयांचे पन्नास झाले, तेव्हा शहरात बरीच नाराजी उमटली होती. त्याच वेळी आई, वडील आणि दोन मुले अशा चौघांसाठी शंभर रुपयांचे एकत्रित तिकीटही ठेवण्यात आले. दर बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्यावे आणि शक्य असेल तर तिकीटही तिथेच काढावे, कारण सुट्टीतल्या रविवारी खिडकीपुढची रांग उन्हात असते. त्या रविवारपेक्षा मंगळवार किंवा गुरुवार गाठण्यासाठी एखाद्याने रजा टाकली, तर ती सत्कारणी लागेल असे मी म्हणेन.

मुंबईच्या उकाड्याचा स्वभाव ठाऊक नसलेल्या पाहुण्यांना थोडी कल्पना द्यावी लागते. विदर्भातून सुट्टीसाठी आलेली भाचरे इथले ३३-३४ अंशांचे आकडे ऐकून हसतात. पण त्यांच्याकडच्या कोरड्या उन्हात घाम वाळतो आणि शरीर निवते, तर इथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता वाहत राहतो. त्यामुळे तासाभराच्या चालण्यानंतर नागपूरकर मुलेच आधी पाय ओढू लागतात. सुती, सैल कपडे, टोपी आणि माणशी किमान एक लिटर पाणी हे तर हवेच. शिवाय चिमूटभर मीठ घातलेले लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत थर्मासमध्ये भरून न्यावे. ताक नेऊ नये, कारण अकरा वाजेपर्यंत ते आंबते आणि मग पिशवीचाही वास जात नाही.

साडेनऊ ते साधारण अकरा ही वेळ प्राण्यांसाठी राखून ठेवावी. याचे कारण प्राण्यांच्या सवयींतच आहे. उन्हे चढली की हरणे सावलीत बसून रवंथ करू लागतात, अस्वल आडोशाला जाते आणि वाघ अंग टाकून देतो. मग पिंजऱ्यासमोर उभे राहून मुलांना ‘तो बघ, त्या दगडामागे, शेपूट दिसते ना?’ असे सांगण्याची वेळ येते. म्हणून वाघाकडे सर्वांत आधी जावे. २०२० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी इथे आणण्यात आली, आणि तेव्हापासून राणीच्या बागेत वाघ आहे ही गोष्ट मुंबईच्या मुलांना पुन्हा अभिमानाने सांगता येऊ लागली. या ठिकाणी शांतता ठेवणारा प्रेक्षक मात्र दुर्मीळ आहे. शिट्ट्या मारणारी, काचेवर थापा देणारी आणि वाघाने आपल्याकडे पाहावे म्हणून ओरडणारी मोठी माणसे पाहिली, की लहान मुलांना काय शिकवावे हा प्रश्न पडतो. त्यापेक्षा गर्दीपासून दोन पावले मागे उभे राहून थोडा वेळ थांबावे. वाघ स्वतःहून उठतो तेव्हा तो बराच जास्त दिसतो.

पाणघोडा आणि मगर यांच्याबाबत गणित उलटे आहे. पाणघोड्याची कातडी उन्हात लवकर कोरडी पडते, म्हणून तो दिवस पाण्यातच काढतो आणि चरायला रात्री बाहेर पडतो. उन्हाळ्यात त्याचे डोळे, कान आणि नाकपुड्या एवढेच पाण्यावर दिसत असले, तरी तो मधूनमधून श्वासासाठी वर येऊन फुरफुरतो तेव्हा मुलांना जी मजा वाटते, ती उभ्या पाणघोड्याला पाहून वाटत नाही. मगर जबडा उघडा ठेवून तासन्तास निश्चल पडते. ती भुकेली आहे किंवा ती नकली आहे, अशी दोन मते कठड्यापाशी नेहमी ऐकू येतात. वास्तविक ती शरीरातली जादा उष्णता उघड्या तोंडावाटे बाहेर टाकत असते. हे एवढे सांगितले तरी आठ-दहा वर्षांची मुले तिथे बराच वेळ रमतात. उन्हाळ्यात प्राण्यांना गोठवलेली फळे आणि बर्फाचे गोळे देण्याची पद्धत या बागेत आहे, आणि तो कार्यक्रम नजरेस पडला तर तो दिवस भाग्याचा समजावा. आपण स्वतः मात्र प्राण्यांना काहीही खायला घालू नये. तशी मनाईच आहे आणि ती योग्य आहे.

अकरा वाजून गेल्यावर, म्हणजे मुलांचे चेहरे लाल होऊ लागताच, पेंग्विनच्या इमारतीकडे वळावे. सोलहून २०१६ च्या जुलैमध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन इथे आले आणि २०१७ च्या मार्चमध्ये त्यांचा कक्ष लोकांसाठी खुला झाला. त्यांच्या आगमनावरून, खर्चावरून आणि पुढे एका पक्ष्याच्या मृत्यूवरून महानगरपालिकेच्या राजकारणात किती वादळे उठली, ते वाचकांना आठवत असेलच. उष्ण शहरात थंड हवेचा पक्षी ठेवावा का, हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पण एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हे पेंग्विन अंटार्क्टिकाचे नाहीत. पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावर, थंड सागरी प्रवाहाच्या काठाने ते राहतात, आणि म्हणूनच त्यांच्या कक्षाचे तापमान बर्फाइतके न ठेवता १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवले जाते. बर्फाचे डोंगर दिसतील या अपेक्षेने गेलेली मुले सुरुवातीला थोडी हिरमुसतात, ती यामुळेच.

काचेजवळ जागा मिळाली की घाईने छायाचित्रे काढू नयेत. पेंग्विन जमिनीवर जेवढा अवघडलेला दिसतो, तेवढाच पाण्यात वेगवान असतो. तो काचेच्या अगदी जवळून सुळकन निघून जातो तेव्हा पंखांची वल्ह्यासारखी हालचाल स्पष्ट दिसते. चोचीच्या मुळाशी गुलाबी, पिसे नसलेली त्वचा असते, छातीवर काळा पट्टा असतो आणि पोटावर काळे ठिपके असतात. या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक पक्ष्याची निराळी असते. मुलांना एकेक पक्षी नेमून देऊन त्याचे ठिपके लक्षात ठेवायला सांगितले, तर ढकलाढकलीतही ती खिळून राहतात. आणखी एक बारीकशी सूचना : थंड दालनातून बाहेर येताच दमट हवेने चष्म्यावर आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर वाफ धरते, त्यामुळे पहिली दोन मिनिटे आजी-आजोबांचा हात धरून चालावे, दाराबाहेरच्या पायऱ्या त्यांना नीट दिसत नाहीत.

यानंतर भर दुपारी प्राण्यांच्या मागे न लागता झाडांकडे जावे, आणि माझ्या मते या बागेचे खरे वैभव तेच आहे. काही वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्विकासाची योजना पुढे आली, तेव्हा वृक्षांना धक्का लागू नये म्हणून नागरिकांनी दीर्घकाळ लढा दिला, आणि आज आपण ज्या सावलीत बसतो तिच्यात त्या लढ्याचा वाटा आहे. सर्वांत प्रसिद्ध झाड म्हणजे आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच. तिचा फुगीर बुंधा पाहायला अवश्य जावे, पण डबा घेऊन तिच्याखाली बसायला जाऊ नये, कारण मे महिन्यात ती निष्पर्ण असते आणि तिला पाने पावसाच्या सुमारास येतात. बहावा फुलला की डोळ्यांचे पारणे फिटते, पण त्याची सावलीही विरळच. कैलासपतीची फुले थेट खोडावर येतात आणि त्यांचा सुगंध दूरवर जाणवतो. तथापि त्याची तोफगोळ्यासारखी फळे वजनदार असल्यामुळे त्याच्या बुंध्याशी चटई पसरण्याचा मोह आवरावा. बसायचे असेल तर पर्जन्यवृक्ष शोधावा. त्याच्या विस्तृत छत्राखाली अख्खे गोकुळ मावते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी उर्वशीचे झाड चुकवू नये. हे मूळचे म्यानमारचे झाड. त्याच्या लांब देठांना टांगलेली लाल फुले खाली झुकलेली असतात, पाकळ्यांच्या टोकाशी पिवळा ठिपका असतो, आणि कोवळी पालवी तांबूस रंगाची, इतकी लुळी लोंबणारी असते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला झाड सुकले आहे असेच वाटावे. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हणही याच दिवसांत जांभळा होऊ लागतो. मुलांना झाडांत रस नसतो, हे म्हणणे मला मान्य नाही. त्यांना नावांच्या पाट्या वाचून दाखवण्यात रस नसतो, एवढेच. गळून पडलेले फूल हातात दिले की प्रश्न आपोआप सुरू होतात.

पक्ष्यांसाठी उभारलेल्या, आतून चालत जाता येणाऱ्या मोठ्या जाळीच्या पिंजऱ्याचाही उल्लेख करायला हवा, कारण तिथे पक्षी डोक्यावरून उडतात आणि पाहणाराच पिंजऱ्यात असतो. तिथे टोपी घालूनच जावे, याचे कारण अनुभवाने कळते.

आवारातल्या दोन मूर्ती बहुतेक कुटुंबे न पाहताच परततात. ज्या पुतळ्यामुळे दक्षिण मुंबईतल्या परिसराला काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून इथे आणण्यात आला. दुसरा घारापुरीचा दगडी हत्ती. तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात १८६४ मध्ये उचलताना पडून फुटला, तुकडे मुंबईतच राहिले, आणि पुढे ते जोडून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीबाहेर तो उभा करण्यात आला. जवळून पाहिले तर जोडांच्या रेषा ओळखू येतात. संग्रहालयालाही बुधवारीच सुट्टी असते आणि त्याचे तिकीट वेगळे आहे. मुले दमलेली नसतील तर १८७२ च्या त्या देखण्या इमारतीत एक तास सहज जातो, दमलेली असतील तर तो बेत हिवाळ्यावर ढकलावा.

विस्तीर्ण जंगलासारखा परिसर, लांबच लांब फेऱ्या आणि विपुल प्राणी ही अपेक्षा असणाऱ्यांनी पुण्याच्या कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पाहावे. ते सुमारे १३० एकरांवर आहे, तिथे विजेरीवर चालणाऱ्या गाड्यांची सोय आहे आणि सुट्टी तिथेही बुधवारीच असते. पण तिथले अंतर उन्हाळ्यात पायी कापणे लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना जड जाते. राणीच्या बागेत दोन पाहण्याच्या जागांमध्ये अंतर कमी आहे, रस्ते सपाट आहेत, बाबागाडी सहज फिरते, आणि एखाद्याला चालवेनासे झाले तर त्याला बाकावर पिशव्यांसकट बसवून बाकीच्यांना फेरी पूर्ण करता येते. तीन पिढ्यांची सहल असेल, तर माझी पसंती निःसंशय भायखळ्याला आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी मात्र वाघ, पाणघोडा आणि पेंग्विन एवढेच पुरे. त्यापुढे ती खारींच्या मागे धावण्यात जास्त खूश असतात.

गाडी घेऊन येण्यापेक्षा लोकलने यावे, कारण सुट्टीत वाहन लावायला जागा शोधण्यातच सकाळचा थंड वेळ वाया जातो. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून बाग चालत दहा मिनिटांवर आहे. १८५३ पासूनच्या या स्थानकाचे जुने रूप परत आणण्याचे काम झाले असून त्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कारही मिळाला आहे. जाताना नजर टाकावी, येताना कोणाच्याच अंगात तेवढे त्राण नसते. साडेबारा-एकच्या सुमारास बागेतून निघावे, जवळच्या एखाद्या साध्या खानावळीत पंख्याखाली बसून जेवून घ्यावे, आणि दोनच्या आसपासची धिमी लोकल पकडावी. त्या वेळी ठाणे-कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत मुलांना खिडकीची जागा मिळण्याची शक्यता चांगली असते.